गल्ल्यात आहे, पण आपला नाही
छोट्या व्यावसायिकांसाठी आणि जागरूक ग्राहकांसाठी जीएसटीचे व्यवहारज्ञान

‘बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे पडतील.’ फर्निचरच्या दुकानापासून मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपर्यंत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यात दोन चुका आहेत. एक, कर बिलामुळे लागत नाही, विक्रीमुळे लागतो. बिल ही त्या विक्रीची नोंद. दुसरी, ज्या दुकानदाराची जीएसटीत नोंदणीच नाही, त्याला अठरा सोडाच, एक टक्काही कर म्हणून मागता येत नाही.

वस्तू व सेवा कर समजून घ्यायचा तर दर पाठ करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नोंदणी केलेला दुकानदार हा कर सोसत नाही, तो ग्राहकाकडून गोळा करतो आणि सरकारकडे जमा करतो. ती रक्कम गल्ल्यात पडते त्या क्षणापासूनच परकी असते. छोटे व्यावसायिक जीएसटीत अडकतात ते बहुधा कायदा न समजल्याने नाही; ही परकी रक्कम माल भरायला, पगाराला, घरच्या कार्याला वापरली जाते आणि कर भरायच्या वीस तारखेला खात्यात काही उरत नाही, म्हणून अडकतात. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

काय गेले, काय आले

१ जुलै २०१७ ला जीएसटी देशभर लागू झाला. त्याची कल्पना मात्र जुनी. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृती गटाने २००४ मध्येच देशव्यापी वस्तू व सेवा कराची शिफारस केली होती. पुढे २०१६ मध्ये १०१वी घटनादुरुस्ती झाली, केंद्र आणि राज्ये यांची जीएसटी परिषद स्थापन झाली आणि केंद्रीय अबकारी कर, सेवा कर, व्हॅट, केंद्रीय विक्रीकर, प्रवेश कर, करमणूक कर असे बरेच कर एकात विलीन झाले. मुंबईकरांच्या दृष्टीने सगळ्यात दिसणारा बदल म्हणजे मुलुंड आणि दहिसरचे जकात नाके बंद झाले. महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांनी जकातीऐवजी आणलेला आणि पुढे बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झालेला स्थानिक संस्था करही (एलबीटी) इतिहासजमा झाला.

कर एक असला तरी वाटेकरी दोन आहेत. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकला तर निम्मा कर केंद्राचा (सीजीएसटी) आणि निम्मा राज्याचा (एसजीएसटी). माल किंवा सेवा दुसऱ्या राज्यात गेली तर आयजीएसटी हा एकच कर लागतो आणि त्यातला राज्याचा वाटा माल जिथे वापरला जाणार त्या राज्याला मिळतो. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम दोन्ही प्रसंगी सारखीच.

काही गोष्टी अजून या कराच्या बाहेर आहेत: पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू, विमानाचे इंधन आणि पिण्याचे मद्य. म्हणूनच बारच्या बिलात जेवणावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात, आणि पेट्रोल पंपाच्या पावतीवर इंधनापुढे जीएसटी नसतो.

एका सोलापुरी चादरीचा हिशेब

सूत आणि अडीच हजार रुपयांपर्यंतची चादर, दोन्हींवर ५ टक्के कर आहे. सूतगिरणीच्या आधीची साखळी सोयीसाठी बाजूला ठेवू.

गिरणीने ४०० रुपयांचे सूत कारखानदाराला विकले आणि २० रुपये कर घेतला. हे २० रुपये गिरणीने सरकारकडे भरले. कारखानदाराने चादर विणून ती घाऊक व्यापाऱ्याला ७०० रुपयांना विकली आणि ३५ रुपये कर घेतला. सुतावर त्याने २० रुपये आधीच दिले आहेत, म्हणून सरकारकडे त्याने भरायचे फक्त १५. व्यापाऱ्याने ती चादर तुम्हाला १००० रुपयांना विकली आणि ५० रुपये कर घेतला. त्याने खरेदीवर ३५ दिलेले असल्याने तोही १५ च भरणार. आता बेरीज करा: २० अधिक १५ अधिक १५, म्हणजे ५०. तुम्ही दिलेला कर नेमका तेवढाच.

खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याच्या या सोयीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात; बाजारात नुसते ‘क्रेडिट’. करावर कर चढू नये म्हणून हा सगळा खटाटोप. पण यातून दोन परिणाम निघतात. साखळीतल्या प्रत्येकाने फक्त स्वतः वाढवलेल्या किमतीपुरता कर जमा केला आणि सगळा भार शेवटच्या ग्राहकावर आला. आणि साखळीतल्या एकाने जरी पक्के बिल दिले नाही, किंवा दिले पण कर भरला नाही, तर त्याच्या पुढच्या माणसाचे क्रेडिट अडकते. कारखानदार सूत कच्च्या पावतीवर घेईल तर त्याला १५ ऐवजी पूर्ण ३५ रुपये भरावे लागतील. कच्च्या बिलातला ‘फायदा’ असा आपल्याच अंगावर येतो.

दर: आता दोन मुख्य टप्पे

२२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची मोठी फेररचना झाली. ५, १२, १८ आणि २८ टक्के या चार टप्प्यांऐवजी ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य दर राहिले आणि मोठ्या गाड्या, शीतपेये अशा निवडक गोष्टींसाठी ४० टक्क्यांचा दर आला. सोन्यावर पूर्वीप्रमाणे ३ टक्के आहेत.

घरखर्चात जाणवणारे बदल असे: अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ वर आले. लोणी, तूप, पाकीटबंद फरसाण, सायकल, छत्री १२ वरून ५ वर. वह्या, पेन्सिली, पाकीटबंद पनीर, चपाती-पराठे करमुक्त झाले. सिमेंट, वातानुकूलन यंत्र, मोठे टीव्ही, ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली २८ वरून १८ वर आल्या. व्यक्तीने स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी काढलेल्या आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर पूर्ण गेला. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सामूहिक विम्याला मात्र ही सवलत नाही.

तयार कपडे आणि पादत्राणे यांत किमतीची रेषा आहे: नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. सुटा तांदूळ आणि सुटी डाळ करमुक्त, पण तीच छापील पाकिटात २५ किलोपर्यंत भरली की ५ टक्के. तेव्हा आपल्या मालाचा दर अंदाजाने न लावता मालाच्या वर्गीकरणाच्या एचएसएन क्रमांकावरून तपासून घ्यावा. शेजारच्या दुकानाच्या बिलावरून दर उचलणे हा सर्वांत महागडा शॉर्टकट आहे.

ग्राहक म्हणून बिल कसे वाचावे

पहिले पाहायचे ते वर छापलेला पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अंकाक्षरे म्हणजे व्यावसायिकाचा पॅन. क्रमांक खरा आहे का, हे जीएसटी पोर्टलवर करदात्याच्या शोधात तो टाकून कुणालाही लॉगिनशिवाय पाहता येते. नाव, व्यवसायाचे ठिकाण, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि व्यावसायिक नियमित आहे की कंपोझिशनमध्ये (या योजनेबद्दल पुढे येईल), हे सगळे तिथे दिसते.

क्रमांक नसेल, नोंदणी रद्द असेल किंवा व्यावसायिक कंपोझिशनमध्ये असेल, तर त्याला बिलात जीएसटी वेगळा लावण्याचा अधिकार नाही. हॉटेलात हे आवर्जून पाहावे. साध्या उपाहारगृहात १००० रुपयांच्या जेवणावर २५ रुपये सीजीएसटी आणि २५ रुपये एसजीएसटी, असे ५० रुपये होतात. ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नव्हे, तो सरकारला जात नाही, आणि तो आपोआप बिलात घालून सक्तीने वसूल करता येत नाही.

पाकिटावरच्या कमाल किरकोळ किमतीत, म्हणजे एमआरपीत, सगळे कर धरलेले असतात. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असे कुणी लावत असेल तर तिथेच थांबवावे. किमतीत कर किती दडला आहे हे काढण्याची रीत सोपी आहे: दर ५ टक्के असेल तर किमतीला ५ ने गुणून १०५ ने भागा, १८ टक्के असेल तर १८ ने गुणून ११८ ने भागा. ११८० रुपयांच्या वस्तूत १८० रुपये कर असतो. पुष्कळ जण ११८० चे थेट अठरा टक्के काढतात आणि २१२ रुपयांच्या चुकीच्या आकड्यावर वाद घालत बसतात.

दुकानदाराने बिलातच सूट दिली असेल तर कर सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो, मूळ किमतीवर नाही. २०० रुपयांच्या आतल्या खरेदीचे बिल ग्राहकाने मागितले नाही तर दुकानदाराने दिले नाही तरी चालते. मागितले तर द्यावेच लागते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नोंदणी कुणाला लागते

महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी बंधनकारक होते. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा.

गल्लत होते ती ‘उलाढाल’ मोजताना. ती नफ्यावर मोजत नाहीत, विक्रीवर मोजतात. ती दुकानागणिक मोजत नाहीत, एका पॅनवरच्या देशभरातल्या सगळ्या व्यवहारांची मिळून मोजतात. आणि तिच्यात करमुक्त मालाची विक्रीही धरली जाते. कापड विकणारा आणि त्याच दुकानात कपडे शिवून देणारा माणूस ‘फक्त वस्तू’ विकत नाही. त्याला ४० लाखांची मोकळीक नसून २० लाखांची मर्यादा लागते. दुकानाबरोबर एखादा गाळा भाड्याने दिला असेल तर ते भाडेही याच बेरजेत येते.

आणखी एक अट महत्त्वाची. दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल तर, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. सावंतवाडीहून पणजीला काजूची खोकी पाठवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. अंतर कमी असले तरी मध्ये राज्याची सीमा आहे.

नोंदणीला सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, फोटो, जागेचे वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, आणि जागा भाड्याची असेल तर भाडेकरार किंवा मालकाचे संमतिपत्र एवढ्यावर अर्ज होतो. अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. अनेक जण सल्लागाराचा क्रमांक देतात आणि मग नोटीस आली, मुदत संपली, नोंदणी रद्द झाली तरी मालकाला पत्ता नसतो. नोंदणी मिळाल्यावर प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे आणि पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा.

कंपोझिशन की नियमित?

वस्तूंची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर कंपोझिशन योजना घेता येते. व्यापारी आणि उत्पादक यांना उलाढालीवर १ टक्का, मद्य न देणाऱ्या उपाहारगृहांना ५ टक्के. सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर ६ टक्क्यांचा पर्याय आहे. कर तीन महिन्यांनी एकदा, विवरणपत्र वर्षातून एकदा. ६० लाखांची विक्री असलेल्या भांड्यांच्या दुकानदाराला वर्षाला साधारण ६० हजार रुपये भरून मोकळे होता येते.

हा एक टक्का मात्र स्वतःच्या नफ्यातून द्यायचा. कंपोझिशनवाल्याला ग्राहकाकडून कर घेता येत नाही, खरेदीचे क्रेडिट मिळत नाही, परराज्यात विक्री करता येत नाही. बिलावर ‘कर आकारण्यास पात्र नाही’ अशा अर्थाचा मजकूर छापावा लागतो.

निवड करताना सरळ प्रश्न विचारावा: माझे गिऱ्हाईक कोण? घरगुती ग्राहक असतील तर कंपोझिशन सोयीचे, कारण त्यांना क्रेडिटशी देणेघेणे नसते. गिऱ्हाईक कंपन्या, कंत्राटदार, नोंदणीकृत दुकानदार असतील तर त्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट हवे असते. ते मिळत नाही म्हटल्यावर ते दुसऱ्याकडे जातील. एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या कारखानदाराला म्हणूनच कंपोझिशन परवडत नाही.

क्रेडिट घेताना

दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते. तुम्हाला माल देणाऱ्यांनी तुमच्या नावे दाखवलेली बिले त्यात असतात. त्यात नसलेल्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही, मग बिल हातात असो, पैसे दिलेले असोत. म्हणून खरेदीची नोंदवही आणि २बी दर महिन्याला जुळवून पाहावी आणि बिल न दाखवणाऱ्याला लगेच फोन करावा. पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरनंतर (किंवा वार्षिक विवरणपत्र आधी भरले तर त्या तारखेनंतर) ते क्रेडिट कायमचे जाते.

तुम्हीही १८० दिवसांत विक्रेत्याचे पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते. दुकानात बसवलेल्या वातानुकूलन यंत्राचे क्रेडिट मिळते. मालकाच्या मोटारीचे, कर्मचाऱ्यांच्या जेवणाचे, इमारत बांधणीचे सहसा मिळत नाही. सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटी भरायला वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आणि ‘माल नको, नुसते बिल देतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. कर, व्याज, दंड हे सगळे बिल घेणाऱ्याकडूनही वसूल होते.

उधारीचा कर

छोट्या माणसाची खरी कोंडी इथे होते. समजा, तुम्ही एका कंपनीला एक लाखाचे काम करून दिले, १८ हजार कर लावून बिल दिले. कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देणार. कर मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, कारण तो बिलाच्या तारखेवरून ठरतो, वसुलीवरून नाही. आणि सेवेसाठी आगाऊ रक्कम घेतली असेल तर बिलाची वाटही पाहिली जात नाही. त्या रकमेवर त्याच महिन्याचा कर लागतो. वस्तूंच्या ॲडव्हान्सवर तसे नाही.

यावर उपाय सौद्याच्या वेळीच करायचा. भाव ठरवताना ‘मूळ रक्कम नव्वद दिवसांनी, कराची रक्कम बिलाबरोबर’ अशी अट घालावी. मोठी गिऱ्हाइके हे मान्य करू शकतात, कारण त्यांना त्या कराचे क्रेडिट लवकर मिळते. मान्य नसेल तर तितक्या दिवसांचे व्याज भावात धरावे. बिल महिन्याच्या ३० तारखेला काढण्याऐवजी माल १ तारखेला पाठवून त्याच दिवशी काढले तर कर भरायला एक महिना जास्त मिळतो. हे पूर्ण कायदेशीर आहे. माल पाठवून बिल मागे ठेवणे मात्र नाही.

तारखा

पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही विवरणपत्रांचा पर्याय आहे. तिमाहीच्या पुढच्या महिन्यात १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची बिले, आणि महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे कराचा हिशेब. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावा लागतो. गिऱ्हाईक व्यापारी असतील तर त्यांची बिले दर महिन्याला १३ तारखेपर्यंत टाकण्याची सोय वापरावी, नाहीतर त्यांना क्रेडिटसाठी तीन महिने थांबावे लागते आणि ते तुमच्यावर चिडतात. मासिक पर्यायात या तारखा ११ आणि २० आहेत.

विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. उशिराचा आकार दिवसाला ५० रुपये, शून्य विवरणपत्रासाठी २० रुपये. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. बरेच दिवस विवरणपत्रे राहिली तर माल वाहतुकीसाठीचे ई-वे बिल निघणे बंद होते आणि नोंदणी रद्द होऊ शकते. धंदा बंद करायचा असेल तर नोंदणीही रीतसर रद्द करून घ्यावी. शटर ओढले म्हणून पोर्टलवरचे देणे थांबत नाही.

हे सगळे सांभाळायला सर्वांत उपयोगी साधन म्हणजे बँकेतले दुसरे खाते. दर शनिवारी आठवड्याच्या विक्रीतला कर काढून त्या खात्यात टाकावा आणि त्याला फक्त चलन भरण्यासाठी हात लावावा. क्रेडिट वजा जाता प्रत्यक्ष भरणा त्याहून कमी निघेल. उरलेली रक्कम तिमाही संपल्यावर परत चालू खात्यात आणता येते. असे एक वर्ष केले की दुकानाचा खरा नफा किती, हेही पहिल्यांदा स्पष्ट दिसू लागते. पुष्कळांना तो आकडा वाटत होता त्यापेक्षा लहान दिसेल. भाव वाढवायचा की खर्च कमी करायचा, हा निर्णय त्याच आकड्यावर घ्यायचा असतो.